ताईचा क्लब

आमच्या घरी फुटबॉलचा निकाल पोस्टानं यायचा, तोही दहा-बारा दिवस शिळा. आम्ही जबलपुरात, गढ्याला राहत होतो. ज्या क्लबच्या निकालाची वाट बघायचो तो होता जर्मनीतल्या एका लहानशा गावाचा, तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणारा. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. एक तर ते मला अजून धड उच्चारता येत नाही, आणि आमच्या घरात ते कधी कुणी वापरलंही नाही. आई ‘शीलाचा क्लब’ म्हणायची, मी ‘ताईचा क्लब’ म्हणायचे आणि बाबा नुसतं ‘हिरवे’ म्हणायचे, कारण त्यांचे शर्ट हिरवे असल्याचं ताईनं कळवलं होतं. सगळा मामला एकाच हंगामाचा. पण सत्तरीला टेकल्यावर मागं बघते तेव्हा कॉलेजच्या त्या पहिल्या वर्षात काय शिकवलं ते काही आठवत नाही, हिरव्यांनी कुठल्या महिन्यात बरोबरी केली ते मात्र आठवतं.

घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण, अंगणात नळ. पहाटे नळाला पाणी येऊन बादलीच्या तळाशी पहिला आवाज झाला की बाबा उठायचे. ते फॅक्टरीत फिटर होते, आणि फॅक्टरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सायकलनं तासभराच्या वाटेवर. आई भाकरी थापायची, त्या थपथप आवाजानं मला जाग यायची. बाबांच्या डब्यात भाकरी, सुकी भाजी आणि मिरचीचा ठेचा असायचा. भाजी महाग झाली की भंडाऱ्याहून मामानं पाठवलेल्या सांडग्यांचं कालवण. आमची मंडळी मूळची भंडाऱ्याकडची. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूर-भंडारा पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही नोकरीपायी अलीकडे राहिलो. घरात नागपुरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असं आमचं चाले. शेजारच्या मिश्राइन चाची आईशी भिंतीवरून बोलायच्या, त्या हिंदीत आणि आई मराठीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं नागपूरला नर्सिंगचा कोर्स केला तेव्हा बाबांनी हरकत घेतली नव्हती. पोरगी जबलपुरात सरकारी दवाखान्यात लागेल, पुढं मेट्रन होईल, असं त्यांनी मनात धरलं होतं. पण कोर्स संपता संपता जर्मनीतल्या दवाखान्यांसाठी इकडच्या मुली निवडून नेत होते, त्यात ताईचं नाव लागलं. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा अंगणात सायकलची चेन साफ करत होते. त्यांनी हात थांबवला नाही. चेन बसवून झाली, हात पुसून झाले, आणि मग बोलले.

“माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. लोकायची घाण उचलणं सोडलं. नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. अन् माझी पोरगी शिकून-सवरून विमानात बसून लोकायची घाण उचलाले जाते?”

ताई तेव्हा तेवीस वर्षांची होती. ती रडली नाही. म्हणाली, “बाबा, आजोबांकडून ते काम मारून-मुटकून करवून घेत होते. हे मी शिकून करून राहिली. परीक्षा पास होऊन.”

“इथं कर मग.”

“इथंही तेच काम आहे. तिथं पगार जास्त आहे अन् शिकायला जास्त आहे.”

त्यानंतर बाबा तिच्याशी बोललेच नाहीत. ती गेली त्या दिवशी ते नेहमीसारखे डबा घेऊन ड्यूटीवर गेले. आई आणि मी तिला गाडीत बसवून आलो. संध्याकाळी बाबांनी जेवताना विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. आज मला त्यांचा राग समजतो. त्या वेळी समजला नव्हता. मला वाटे, हा माणूस नुसता हट्टी आहे.

ताईची पत्रं माझ्या नावानं यायची. पातळ निळसर कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पत्राच्या शेवटी ‘आईस नमस्कार, बाबांस नमस्कार’ एवढं असे. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. आई शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे मोठ्यानं वाचणं भागच होतं, आणि बाबा त्या वेळी अंगणात काही ना काही काम काढायचे. हवा थंड आहे, भात मिळतो पण वेगळाच असतो, वॉर्डात तीस खाटा आहेत, असं सगळं ते आमच्याकडे पाठ करून ऐकत. तिसऱ्या का चौथ्या पत्रात ताईनं लिहिलं की हॉस्टेलच्या खिडकीतून एक फुटबॉलचं मैदान दिसतं, शनिवारी-रविवारी सगळं गाव तिथं लोटतं, आणि वॉर्डातले म्हातारे दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाहीत. मागच्या मॅचमध्ये गावचा क्लब एक-तीननं हरला.

अंगणातून आवाज आला, “गोलकीपर कसा आहे म्हणते?”

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. ताई गेल्यापासून दोन महिन्यांत तिच्याबद्दल विचारलेला हा पहिला शब्द, आणि तोही तिच्याबद्दल नव्हताच. बाबा तरुणपणी फॅक्टरीच्या टीमचे गोलकीपर होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यापायी वाकडी होती. अजूनही लोकल टूर्नामेंटला त्यांना रेफरी म्हणून बोलवत. मी उत्तरात ताईला लिहिलं, ‘बाबा विचारतात, गोलकीपर कसा आहे.’ एवढंच लिहिलं. पण ताई हुशार, तिनं ओळखलं.

पुढच्या पत्रापासून अर्धं पान फुटबॉलचं यायला लागलं. ताईला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती वॉर्डातल्या पेशंटना विचारून, टिपून घेऊन लिहायची. गोलकीपर उंच आहे, लालसर केसांचा आहे, आणि आठवडाभर तो त्यांच्याच दवाखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतो हेही तिनं कळवलं. बाबांना हे फार पटलं. “म्हणजे आपल्यासारखा कामगार आहे,” ते म्हणाले. त्यानंतर पत्र वाचताना ते अंगणात न जाता दाराशी पाटावर बसू लागले. क्लब कितव्या नंबरावर आहे, किती मॅच उरल्या, हे ते जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवत.

त्या हंगामात एक मोठी भानगड होती. ताईनं ती समजावून सांगायला आख्खं पत्र खर्ची घातलं. तिथं दुसऱ्या दर्जाच्या पाच लीग होत्या, भागाभागाप्रमाणे. पुढल्या वर्षापासून त्या पाचही मोडून दोनच करायच्या ठरल्या होत्या. वरच्या थोड्या क्लबांना नव्या लीगमध्ये जागा, बाकीच्यांनी खाली तिसऱ्या दर्जात जायचं. त्यात मागच्या काही वर्षांचे गुणही धरणार होते, तो भाग मात्र ताईला नीट कळला नव्हता आणि तिनं तसं लिहिलंही होतं. मी वाचत होते आणि मलाही कळत नव्हतं. बाबांना लगेच कळलं.

“हे आपल्या राज्यासारखं आहे,” ते म्हणाले. “कोणीतरी वर बसून कागदावर रेघ मारते. तू खेळत राह्यते तसाच, पण रेघ कुठून गेली त्यावर ठरते तू कुठला.” मग जरा थांबून म्हणाले, “हिरव्यायनं वरच राहिलं पाहिजे.”

थंडीत तिथं बर्फ पडून मैदान बंद झालं, तेव्हा पत्रांत फुटबॉल नव्हता. मला भीती वाटली की बाबा परत अंगणात जातील. पण त्यांनी ती पत्रंही पाटावर बसूनच ऐकली. एकात ताईनं लिहिलं होतं की तिथं नर्सला ‘श्वेस्टर’ म्हणतात, म्हणजे बहीण. मोठे मोठे डॉक्टर आणि गावचा मेयरही तिला तसंच हाक मारतात, आणि गोलकीपर विजेच्या कामाची शिडी घेऊन वॉर्डात आला की आधी टोपी काढतो. हे वाचून झालं. आईनं बाबांकडे बघितलं, आणि विचारायचं होतं ते न विचारता चुलीकडे वळली.

मग ती बोटाची गोष्ट झाली. बर्फ वितळून मॅच सुरू झाल्या आणि पहिल्याच मॅचला गोलकीपरच्या अनामिकेवर चेंडू बसून बोट सुजलं. तो ताईच्याच वॉर्डात पट्टी बांधायला आला. हाड मोडलं नव्हतं, पण खेळता येईल की नाही शंका होती. हे पत्र आलं तेव्हा बाबा जेवत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, “विमल, कागद घे. लिही.”

मी कागद घेतला. त्यांनी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. दुखरं बोट शेजारच्या चांगल्या बोटाशी जुळवून बांधायचं. मध्ये कापूस ठेवायचा, नाहीतर घामानं चामडी सोलते. सांध्यावर पट्टी नाही घ्यायची, सांध्याच्या वर आणि खाली घ्यायची, म्हणजे बोट वाकतं. हातमोजा एक नंबर मोठा घालायचा. चेंडू पंजानं धरायचा नाही, छातीवर घ्यायचा. स्वतःच्या वाकड्या बोटांना दोरा बांधून त्यांनी मला दाखवलं, आणि मी ते चित्र काढून पत्रात घातलं. दोन पानं झाली. शेवटी मी विचारलं, “बाबा, खाली काय लिहू? तुमचं नाव?”

“काहून? तूच लिहून राहिली ना? तुझं लिही.”

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गोलकीपर तशीच बोटं बांधून खेळला होता आणि मॅच शून्य-शून्य सुटली होती. ‘त्यानं बाबांचे आभार मानायला सांगितले आहे,’ असं ताईनं लिहिलं होतं. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं असणार, कारण रविवारी त्यांच्या खात्यातले दोघं घरी आले आणि जर्मनीच्या कीपरबद्दल विचारू लागले. आई पोहे करत आतून हसत होती. आता सांगायला हरकत नाही: पुष्कळ वर्षांनी ताई मला म्हणाली होती की आमचं पत्र पोचण्याआधीच तिथल्या डॉक्टरांनी बोटं अगदी तशीच बांधली होती. तिनं गोलकीपरला चित्र मात्र दाखवलं होतं, आणि आभार त्यानं खरंच मानले होते. बाबांना तिनं हे कधी सांगितलं नाही. मीही नाही.

उन्हाळा लागता लागता पाच मॅच उरल्या. हिरवे रेघेच्या अगदी काठावर होते, एक मॅच वर, एक मॅच खाली. आणि पत्रं थांबली.

ताईचं पत्र दर दहा-बारा दिवसांनी ठरलेलं असे. पंधरा दिवस झाले तेव्हा आई म्हणाली, कामात असेल. तीन आठवडे झाले. जयंतीला तरी येईल असं तिला वाटत होतं. जयंतीच्या दिवशी वस्तीत निळे झेंडे लागले, खीर झाली, वंदना झाली, आणि पोस्टमन आमचं दार सोडून पुढे गेला. मी दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर नाही. दुपारच्या डाकेच्या वेळी आई उंबऱ्यात बसून राहायची, मिश्राइन चाची भिंतीपलीकडून विचारायच्या, “शीला की चिट्ठी आई क्या?” आणि आई मान हलवायची. बाबा संध्याकाळी आले की सायकल लावता लावता माझ्याकडे बघत. मी नाही म्हटलं की आत जात. त्यांच्या वहीवरच्या पानावर पाच मॅचच्या पाच रेघा कोऱ्याच होत्या.

आई एकदा बोललीच. “तुम्ही तिले एक शब्द लिहिला असता तर…”

“तिनं लिहायचं,” बाबा म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं जा म्हणून.”

“नव्हतं सांगितलं. आता ती गेली आहे. आता काय?”

बाबांनी ताट पुढे सारलं. अर्धी भाकरी तशीच होती. आमच्या घरात ताटात अन्न टाकायची रीत नव्हती, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

त्यातच रेल्वेचा संप झाला. जबलपूरचं आयुष्य गाड्यांच्या वेळेवर चालणारं. कुठली गाडी कधी जाते त्यावर लोक चहा ठेवत. त्या शिट्ट्या बंद झाल्या आणि हवेत नुसता गरम वारा उरला. डाक स्टेशनांवर पडून आहे, इटारसीला पोत्यांचे ढीग लागलेत, असं लोक सांगत. आधी पत्र नव्हतं म्हणून काळजी होती. आता पत्र असलं तरी येणार नव्हतं, म्हणजे काही कळायचा मार्गच राहिला नाही. आई झोपायची नाही. मी परीक्षेला बसले होते, पण पेपरात काय लिहिलं देव जाणे.

एका दुपारी बाबा पहिल्या पाळीवरून आले, नळाखाली हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, “विमल, चल. इंग्रजी लिहायचं आहे.”

मी सायकलच्या कॅरिअरवर बसले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चाकं चिकटल्यासारखी चालत होती. आम्ही गढ्यापासून शहरात ओमतीपर्यंत गेलो. ओमतीच्या पुढं तारघर होतं. आत पंखा, लाकडी काउंटर, आणि काउंटरमागं जाड चष्म्याचे एक वयस्कर बाबू. आम्ही आपसात बोलतो ते ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

“मराठी का तुम्ही? अच्छा, अच्छा. मी खांडेकर. आमची सहावी पिढी इथं.” त्यांची मराठी आमच्याहून वेगळी होती, पुस्तकातल्यासारखी, मध्येच हिंदीकडे घसरणारी. “कुठं करायची तार?”

बाबांनी खिशातून ताईच्या जुन्या पत्राचं पाकीट काढलं. मागच्या बाजूला दवाखान्याचा पत्ता होता. पाकिटाच्या घड्या मऊ पडल्या होत्या. किती दिवसांपासून ते खिशात होतं कोण जाणे. खांडेकर बाबूंनी पत्ता वाचला, बाबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोण आहे तिथं?”

“मोठी पोरगी आहे.” बाबा थांबले. “नर्स आहे. दीड महिना होऊन गेला, पत्र नाही.”

“बसा. घाई नाही. जवाबी तार करा, म्हणजे उत्तराचे पैसे इथंच भरलेले असतात, तिला तिकडे खर्च नाही. लगेच उत्तर देतील.”

मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं: पत्र नाही. काळजी आहे. तब्येत कळव. मग खाली पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहायला लागले, कारण ताईला पत्रं मीच लिहीत होते. ‘व्ही’ काढून झाला होता. बाबांनी माझा हात धरला.

“तुझं नको. बाबा लिही.”

“इंग्रजीत ‘फादर’ लिहावं लागेल.”

“नाही. तिथं बाबाच लिही. इंग्रजी अक्षरात, पण बाबा.” आणि काउंटरकडे वळून म्हणाले, “चालते ना, साहेब?”

“चालतं,” खांडेकर बाबू म्हणाले. त्यांनी फॉर्म घेतला, मी काढलेलं ते अक्षर व्यवस्थित काळं केलं आणि शब्द मोजले.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला तारवाला आला. आजच्या पोरांना सांगून कळणार नाही, पण त्या काळी तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की लोकांना वाटे, कुणीतरी गेलं. आम्हीच उत्तर मागवलं होतं, तरी आईनं दार धरलं आणि म्हणाली, “नको उघडू.” मिश्राइन चाची पदराला हात पुसत धावत आल्या आणि आईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “खोलो बिटिया,” त्या मला म्हणाल्या. “खोलना तो पड़ेगा.”

मी उघडली. इंग्रजीच होती. मराठीत सांगायचं तर: कांजण्या झाल्या होत्या. आता बरी. पत्रं टाकली आहेत. क्लब राहिला.

मी वाचलं, पुन्हा वाचलं, मग आईला सांगितलं. आई तिथंच उंबऱ्यावर बसली. “कांजण्या,” ती म्हणाली. “कांजण्याच ना? नक्की?” आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. चाचींनी तिला पाणी दिलं. कांजण्या आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात निम्म्या घरांत असायच्या. दीड महिना आईनं मनात काय काय आणलं होतं, आणि निघाल्या कांजण्या.

बाबांना कळवायचं होतं. संध्याकाळपर्यंत थांबवेना. मिश्रा चाचांची सायकल घेतली आणि निघाले, त्या उन्हात, तार मुठीत धरून. फॅक्टरीच्या गेटवर पोचले. दरबानानं नाव आणि खातं विचारून आत निरोप पाठवला. पंधरा-वीस मिनिटांनी बाबा येताना दिसले, हातांना काळं ऑइल, चालत होते पण पळावं की काय अशा बेतात. मी दोन्ही हात वर करून हलवले. एका हातात तार होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी लांबूनच तो कागद बघितला आणि जागच्या जागी खाली बसले. मातीत, उन्हात, गुडघ्यांवर हात ठेवून.

“बाबा, बरी आहे,” मी ओरडले. “ताई बरी आहे. कांजण्या झाल्या होत्या. आता बरी आहे.”

दरबान म्हणाला, “भैया, उठिए, खबर अच्छी है,” आणि त्यांना हात दिला. ते उठले आणि येऊन गेटच्या बाकावर बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. दरबानानं मटक्यातलं पाणी दिलं, ते गटागटा प्यायले, उरलेलं तोंडावर मारलं.

“कांजण्या म्हणते?”

“हो.”

“इतक्या मोठ्या वयात जास्त जोरात येतात. ताप असेल झाला खूप.” मग म्हणाले, “खाजवलं तर नसेल ना तिनं? लहानपणी गोवर आला होता तेव्हा मी रात्रभर तिचे हात धरून बसलो होतो. ऐकायचीच नाही. आता कोणी धरले असतील हात?”

मी म्हटलं, “ती नर्स आहे बाबा, तिला माहीत असेल.”

“हाव,” ते म्हणाले. “तिले माहीत असेल.”

मग मीच तार त्यांच्यापुढे धरली आणि शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. “बाबा, क्लब राहिला. हिरवे वरच्या लीगमध्ये राहिले.”

त्यांनी त्या शब्दांकडे बघितलं. “राहिले? बरं झालं,” म्हणाले, आणि तार हातात घेऊन परत पहिल्या ओळीकडे वळले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी ते तिच्याकडेच बघत राहिले.

त्या संध्याकाळी ते येताना खव्याची जिलबी घेऊन आले, गरम, पानात बांधलेली, तेल सदऱ्याला लागलेलं. एक पुडी चाचींकडे गेली. आम्ही अंगणात बसून खाल्ली. आईनं भात टाकला होता, पण तो उतरवायच्या आत बाबा बाजेवर आडवे झाले आणि उजेड असतानाच झोपून गेले. आईनं त्यांना उठवलं नाही. “किती दिवसायचे जागे आहेत,” ती म्हणाली. मला तोवर वाटत होतं की त्या घरात फक्त आईच जागी असते.

त्या वर्षी तिथं जगभरातल्या देशांचा मोठा फुटबॉल कपही होता म्हणे. आमच्या घरात त्याची चर्चा झाली नाही. संप मिटला आणि एका दुपारी पोस्टमननं चार पत्रं एकदम हातात दिली. आम्ही ती तारखेप्रमाणे लावून क्रमानं वाचली, शेवट माहीत असूनही. मुलांच्या वॉर्डात काम करताना ताईला लागण झाली होती. तिला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, तिथून कागदसुद्धा बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून बरी झाल्यावर तिनं सगळी पत्रं एकदम टाकली. मैत्रीण कळवते म्हणाली होती, पण तिला जर्मनखेरीज काही येत नव्हतं, आणि ताईच नको म्हणाली. ‘बाबा म्हणतील, सांगितलं होतं,’ असं तिनं लिहिलं होतं. खोलीत एक रेडिओ ठेवला होता. शेवटच्या मॅच तिनं त्याच्यावर ऐकल्या, अंगाची आग होत असताना, आणि जर्मन बोलणं पहिल्यांदा सलग समजलं ते तेव्हा. चौथं पत्र तार मिळायच्या आदल्या दिवशीचं होतं. त्याच्यावर माझं नाव नव्हतं. ‘प्रिय बाबा’ असं लिहून सुरुवात केली होती. म्हणजे तार गेली नसती तरी ते पत्र आलंच असतं, आणि इकडे तारही तिचं पत्र यायची वाट न बघता गेली होती. दोघांनी एकाच आठवड्यात, एकमेकांना न विचारता. मला अजूनही ही गोष्ट आठवली की बरं वाटतं.

ते पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही. बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाटावर बसून, ओठ हलवत, सावकाश वाचलं आणि खिशात ठेवलं.

ताई तिथं सहा वर्षं राहिली, परत आली, नागपूरला मेट्रन होऊन रिटायर झाली. क्लबचं पुढं काय झालं मला नीट ठाऊक नाही. दोन-तीन वर्षांनी तो खाली गेला असं तिनं कळवलं होतं, तोवर पत्रांत इतर पुष्कळ विषय येऊ लागले होते.

ती चार पत्रं आली त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी माझ्याकडून कागद घेतला, पेन घेतलं आणि सांगायला न बसता स्वतःच लिहायला बसले. सकाळी बसले ते दुपारच्या जेवणापर्यंत. त्यांचं अक्षर मोठं, एका ओळीत चार-पाच शब्द. एकदा फक्त मला विचारलं, ‘श्वेस्टर’ मराठीत कसं लिहायचं. मी पाटीवर लिहून दाखवलं, त्यांनी उतरवून घेतलं. पाकीट स्वतःच बंद केलं आणि पत्ता तेवढा माझ्याकडून लिहून घेतला. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही, आणि ताईनंही मला कधी दाखवलं नाही. पाकीट चांगलं जाड झालं होतं. मी ते घेऊन चालत पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, आत टाकलं, ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला आणि घरी आले. भाकऱ्या झाल्या होत्या. बाबा जेवायला बसले होते आणि आई त्यांना तिसरी वाढत होती.